पाळकसाहेबांचं पाकीट

४ फेब्रुवारी

प्रिय किल्लेदार,

प्रभूमध्ये सलाम.

फोनच करणार होतो, पण तीस वर्षं चर्चच्या घंटेखाली उभं राहून तुझ्या कानांचं काय झालंय ते मला ठाऊक आहे. मागच्या वेळी मी फोनवर पोटाचं दुखणं सांगत होतो आणि तू प्रत्येक वाक्याला ‘आमेन’ म्हणत होतास. म्हणून पत्र.

मी मजेत आहे. मुलीकडे येऊन पाच महिने झाले. तिसऱ्या मजल्यावर मला स्वतंत्र खोली आहे. खोलीला खिडकी आहे आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. निवृत्त पाळकाला आणखी काय हवं? शांतता म्हणशील, तर आमच्या बरोबर डोक्यावर एक शिवणवाली बाई राहते. तिचं मशीन सकाळी आठला सुरू होतं ते दिवे लागेपर्यंत. जावई म्हणतात, “बाबा, लक्ष देऊ नका.” अरे, लक्ष मी देतो कुठे? ते आपोआप जातं. त्यात छातीत जळजळ. डॉक्टरांनी जेवणाआधी घ्यायची गुलाबी गोळी दिली आहे. दिवसभर खुर्चीत बसून मी कुणाकुणाशी मनातल्या मनात भांडत असतो, आणि गंमत म्हणजे तिथेही हरतो.

बाकी तिकडचं कळव. मुद्दाम विचारतोय असं नाही, आपलं सहज. नव्या पाळकांचा जम बसला का? नसेलच बसला म्हणा, वय लहान आहे. उपासनेला माणसं किती असतात? कमी झाली असतील तर मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
माजी पाळक
(हा ‘माजी’ लिहिताना अजून पेन अडखळतं.)

११ फेब्रुवारी

आदरणीय पाळकसाहेब,

सलाम. पत्र पोचलं. आमच्या घरात मोठ्याने वाचून दाखवलं. ‘आमेन’वर ही इतकी हसली की चहा उतू गेला.

इथे सर्व ठीक. घंटेचा दोर बदलला. जिन्याखालच्या खोलीत पाणी झिरपत होतं, ते थांबवलं. छातीत जळजळ असेल तर ही म्हणते, जेवल्यावर लगेच आडवे होऊ नका.

माणसं किती असतात ते मी मोजत नाही, माझं काम दाराशी. एवढंच सांगतो की हल्ली बाकं पुसायला मला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो.

नवे पाळक भले आहेत. तुमची आठवण निघत नाही असा एक दिवस जात नाही.

आपला,
किल्लेदार

१६ फेब्रुवारी

प्रिय किल्लेदार,

बाकं पुसायला दुप्पट वेळ! गड्या, तू थोडक्यात सगळं सांगितलंस. बसायलाच कुणी नसेल तर धूळ साचणारच. वाचून मला फार वाईट वाटलं. (त्या दिवशी गोळी न घेता जेवलो, आणि काही झालं नाही.)

ऑर्गनबाईंचंही पत्र आलं. त्यांनी तर चार पानं भरून कळवलंय. व्यासपीठ कुऱ्हाडीने फोडलं म्हणे! मी एकोणीस वर्षं जिथे उभा राहिलो, ते व्यासपीठ! बुधवारची प्रार्थनासभा बंद. उपदेश अठरा मिनिटांत संपतो. अठरा मिनिटांत मी प्रस्तावनाही संपवत नसे. वर हे गृहस्थ उपदेश करता करता खाली उतरून बाकांमधून फिरतात, आणि लोक चक्क हसतात. देवाच्या घरात!

येत्या पाच तारखेला पंचांची बैठक आहे, त्यांना कायम करायचं की नाही ते ठरणार, असं बाई लिहितात. गप्प राहणं मला पाप वाटतं. सोबतच्या बंद पाकिटात मी पंचांना पत्र लिहिलं आहे. सात तक्रारी आहेत, मुद्देसूद, क्रमांक घालून. हे पाकीट अध्यक्षबाईंच्या हातात दे, म्हणजे ते बैठकीआधी पोचल्याची मला खात्री राहील.

यात माझा स्वार्थ काहीही नाही.

तुझा,
पाळक

२२ फेब्रुवारी

आदरणीय पाळकसाहेब,

सलाम. पाकीट मिळालं. उघडलेलं नाही. अजून दिलेलंही नाही. रागावू नका, आधी माझं ऐका.

बाकांचं तुम्ही उलटं धरलंत, आणि चूक माझीच. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी आडून लिहायला गेलो. वेळ लागतो, कारण सगळी बावीसच्या बावीस बाकं आता वापरात आहेत. पूर्वी मागची आठ बाकं मी महिन्यातून एकदाच पुसायचो.

दुसरं, व्यासपीठ. ते मी फोडलं. पाळकांनी नाही. वाळवीने आतून सगळं खाल्लं होतं, नुसता रंग उभा होता. तुम्ही शेवटच्या रविवारी मूठ आपटलीत तेव्हा पडलं नाही, ही देवाची कृपा. आतल्या कप्प्यात खोकल्याच्या गोळ्यांचे कागद निघाले, एक बादलीभर. तुमचा हरवलेला चष्माही निघाला. वेगळा पाठवतो.

तिसरं, बुधवारची सभा बंद नाही, गुरुवारी गेली. बुधवारी दातांच्या डॉक्टरकडे जायचं असतं म्हणून ऑर्गनबाईंनीच ती बदलून घेतली.

आता खरं बोलायचं ते बोलतो. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही एक उपदेश केला होता. आमचा थोरला तेव्हा आमच्याशी भांडून घर सोडून गेला होता. माझं डोकं ताळ्यावर नव्हतं. तुम्ही म्हणालात, “विचार न बोलावता येतो, पण त्याला बसायला खुर्ची द्यायची की नाही ते आपल्या हातात आहे. आला की उभ्या उभ्या विचारा, तू खरा आहेस का? तू कुणाच्या भल्याचा आहेस का? नसेल तर त्याला वाटेला लावा आणि त्याच्या जागी आभाराचा एक विचार आणून बसवा, खुर्ची रिकामी ठेवू नका. मग उठून कुणासाठी तरी हात हलवा. एवढं रोज करा. शांती शोधायला जाऊ नका, ती मागून येते.”

मी तेव्हा थोडं ऐकू शकत होतो. घरी जाऊन ते लिहून काढलं आणि झाडूच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तेव्हापासून सोमवारी बाकं पुसतो तेव्हा एका बाकावर जे घर बसतं त्या घरासाठी प्रार्थना करतो. वाईट विचार आला की तेच बाक पुन्हा पुसतो. पहिल्या वर्षी काही बाकांचं पॉलिश गेलं. पण पाळकसाहेब, मी माणसात आलो. थोरला पुढे दोन वर्षांनी आला. तो आला नसता तरी मी उभा राहिलो असतो, असं मला वाटतं.

तुमच्याकडे बाकं नाहीत. पण जिना असेल ना? आठ दिवस करून बघा. मग तुम्ही म्हणाल तसं.

आपला,
किल्लेदार

२५ फेब्रुवारी

श्री. किल्लेदार यांस,

आपलं पत्र पोचलं. पाकीट पोचवायला दिलं होतं, राखायला नव्हे. चार तारखेपर्यंत ते अध्यक्षबाईंना मिळालं पाहिजे. उपदेश कसा पाळायचा हे मी आता आपल्याकडून शिकावं, अशी वेळ आली म्हणायची.

पाळक

ता. क. हा उपदेश मी खरंच केला होता? मला अजिबात आठवत नाही.

२७ फेब्रुवारी

आदरणीय पाळकसाहेब,

सलाम. तुम्ही मला ‘आपण’ म्हणालात, तेव्हाच कळलं किती रागावलात ते. ही म्हणाली, “आता तरी ऐका त्यांचं.”

पाकीट तुमचं आहे. चार तारखेच्या संध्याकाळपर्यंत तुमची वाट बघतो. तुमचं काही आलं नाही, तर सहा वाजता नेऊन देतो. शब्द देतो.

होय, तुम्हीच केला होता. सव्वा तास.

आपला,
किल्लेदार

१ मार्च

प्रिय किल्लेदार,

पाकीट फाड. ताबडतोब फाड, मग पुढचं वाच.

फाडलंस? आता ऐक.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस धुसफुसलो. तिसऱ्या दिवशी चष्मा आला. तो डोळ्यांवर चढवला आणि सात तक्रारींची माझ्याकडची नक्कल काढली. म्हटलं, किल्लेदाराला दाखवूनच देऊ. लाल पेन्सिल घेऊन एकेकीला विचारायला लागलो, तू खरी आहेस का?

पहिली, व्यासपीठ. खोटी. दुसरी, बुधवार. खोटी, आणि वर दातांची. तिसरी, पाळकगृहातलं माझं पुस्तकांचं कपाट बाहेर काढलं. आता आठवलं, ते बाहेर काढा म्हणून मीच निघताना सांगून आलो होतो. चौथी, लोक हसतात. खरी आहे. पण ती पंचांसमोर मोठ्याने कशी वाचली जाईल याची कल्पना केली आणि मलाच हसू आलं. पाचवी, बाकांमधून फिरतात. खरी. त्यात कुणाचं काय वाईट झालं, ते सापडेना. सहावी, अठरा मिनिटं. खरी आहे, आणि मंडळीच्या भल्याचीही आहे. हे मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं, कागदावर तुला दिसेलच.

सातवी होती, ‘नव्या पाळकांना मंडळीविषयी आस्था नाही.’ ही मी पाहिली नव्हती, ऐकलीही नव्हती, नुसती घडवली होती. तीही खोडली. मग कागदावर काही उरलं नाही. मनात मात्र एक उरलं होतं, आणि ते खरं होतं. लोक मला विसरतील, असं मला वाटतं. किल्लेदार, सातही तक्रारींच्या खाली हेच एक वाक्य होतं. हे पंचांना लिहायचं नसतं, हे गुडघे टेकून सांगायचं असतं. सांगितलं. चाळीस वर्षांत इतकी लहान प्रार्थना मी केली नव्हती.

मग खुर्ची रिकामी ठेवायची नाही म्हणून जिना धरला. खालून वर जायचं आणि प्रत्येक दारासाठी प्रार्थना करायची. पण प्रार्थनेत म्हणायचं काय? दारांमागे कोण आहे तेच मला माहीत नव्हतं! म्हणून दारावरच्या पाट्या वाचत उभा राहिलो. तळमजल्यावरच्यांना वाटलं मी पाण्याचा मीटरवाला. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी गळका नळ दाखवला. बघितला. अजून गळतोय.

चौथ्या मजल्यावर दार उघडंच होतं. शिवणवाली बाई माझ्याच वयाची निघाली. म्हणाली, “तुम्ही तिसऱ्या मजल्यावरचे ना? मशीनचा त्रास होतो म्हणून सांगायला आला असाल.” पाच महिने मनात पाठ केलेलं भाषण तयार होतं. पण बघतो तर ती सुईत दोरा ओवत होती आणि दोरा सारखा चुकत होता. मी म्हटलं, “आणा इकडे.” हॉस्पिटलमधल्या पेशंटांचे अंगरखे शिवते ती. एकटीचं पोट आहे. मी आता रोज सकाळी जाऊन दहा सुया ओवून ठेवतो. चष्म्याला चांगलं काम मिळालं.

शांती मिळाली असं म्हणणार नाही. जिना उतरेपर्यंत नवरदेवांचा (मी नव्या पाळकांना मनात नवरदेव म्हणतो, हेही कबूल करून टाकतो) चेहरा डोळ्यांपुढे आला आणि पुन्हा जळजळलं. पुन्हा जिना चढलो. काल सहा वेळा चढलो. मुलगी म्हणते, “बाबा, पाय दुखतील.”

फोन करून कळवावं असं मनात आलं होतं, पण मग मुलीला सगळं सांगावं लागलं असतं. पोस्ट तीन दिवसांत पोचतं. चारला सकाळी हे तुझ्या हातात असेल.

तुझा,
माजी पाळक (आज अडखळलो नाही)

६ मार्च

पाळकसाहेब,

तुमचं पत्र काल, पाच तारखेला, दुपारी दोन वाजता मिळालं.

चारला मी पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभा होतो. सहा वाजले. शब्द दिला होता म्हणून पाकीट नेऊन दिलं. काल अकरा वाजता बैठकीत अध्यक्षबाईंनी ते वाचलं. सातही. नवे पाळक समोर बसले होते. ते एवढंच म्हणाले, “त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाईट वाटलं असतं.” पंच म्हणाले, जुन्या पाळकांचा शब्द टाळता येत नाही, चौकशी करू, निर्णय पुढे ढकलू. पाळकांच्या घरी पडद्याचे दांडे बसवायला मी जाणार होतो, त्यांच्या मिसेसनी सांगितलं, “इतक्यात नको. इथे राहायचं की नाही ते कळू दे.”

मी पाकीट एक दिवस आणखी ठेवलं असतं तर? आज सोमवार नसूनही बाकं पुसायला घेतली. पहिल्याच बाकावर अडकलो. दुसऱ्यांना सांगायला मी फार शहाणा.

किल्लेदार

१० मार्च

प्रिय किल्लेदार,

पत्र वाचलं आणि दाराशी रांग लागली. पहिला विचार आला, पोस्टाची चूक. दुसरा, किल्लेदाराची चूक, एक दिवस थांबायला काय झालं होतं? तिसरा, ऑर्गनबाईंची. प्रत्येकाला विचारलं आणि प्रत्येकजण मान खाली घालून गेला. शेवटी पत्र लिहिणारा तेवढा उरला. तेव्हा तू स्वतःला दोष देणं बंद कर. पत्र माझं, घाई माझी, सही माझी. तू फक्त शब्द पाळलास.

मुलीला सगळं सांगितलं. ती आधी रागावली, मग म्हणाली, “बाबा, सात? क्रमांक घालून?” आणि हसत सुटली. मग माझ्या शेजारी बसून राहिली.

रविवारी मी येतोय. पंचांना पत्र पाठवून भागणार नाही. एव्हाना ते मंडळीभर झालं असेल. वाईट ज्यांच्या कानी गेलं, खरं त्यांच्यापुढेच बोललं पाहिजे. त्यासाठी जुना कोट बाहेर काढला. शिवणवालीने माझ्या कोटाची बाही दुरुस्त केली आणि म्हणाली, “बोलताना हात फार वर नेऊ नका, टाका कच्चा आहे.”

तू पहिल्या बाकापासून पुन्हा सुरू कर. तिथेच अडकलास तर तिथेच बस. मीही तुझ्यासाठी तेच मागतोय.

तुझा,
माजी पाळक

१९ मार्च

आदरणीय पाळकसाहेब,

सलाम. मंगळवारी पंचांनी नव्या पाळकांना एकमताने कायम केलं. पडद्याचे दांडे बसवून आलो. एक किंचित तिरका बसला, पण मिसेस म्हणाल्या, चालेल.

रविवारी मी दार सोडून पुढे येऊन उभा राहिलो होतो, तुमचा शब्द ऐकू यावा म्हणून. चार वाक्यं बोललात. “मी लिहिलेल्या सात गोष्टींतल्या ज्या तक्रारी होत्या त्या खऱ्या नव्हत्या, आणि ज्या खऱ्या होत्या त्या तक्रारी नव्हत्या. मला मत्सर झाला होता. मी पाळकांची आणि तुमची क्षमा मागतो. हे मी आधी देवाला सांगून आलोय.” ऑर्गनबाई पुढचं गीत वाजवायचं विसरल्या. आता त्या तुमच्याकडून पत्राची वाट बघताहेत, आणि जरा घाबरल्याही आहेत.

पण एक विचारतो. उपासनेनंतर तुम्ही आणि पाळक ऑफिसच्या खोलीत गेलात ते तासभर बाहेर आला नाहीत. मी चहा घेऊन आलो तर दार आतून बंद. दाराला कान लावला, पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत. हिला बोलावलं. ती म्हणाली, “आत हसताहेत.” क्षमा मागायला गेलेला माणूस तासभर हसतो कसा? आम्हा दोघांना घास गोड लागत नाही. कळवा.

मी पहिल्या बाकावरून पुढे सरकलो.

आपला,
किल्लेदार

२३ मार्च

प्रिय किल्लेदार,

ऑर्गनबाईंना लिहिलं. चहाला बोलावलंय. आणि माझ्या तक्रारींना त्या जबाबदार नाहीत, असं पहिल्याच ओळीत कळवलंय.

आता तासभराचं. तू कुणाला सांगणार नाहीस हे मला ठाऊक आहे, कारण तुला मोठ्याने बोलावं लागतं आणि मग तू लाजतोस.

खोलीत गेल्यावर मी पुन्हा क्षमा मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, “पाळकसाहेब, आधी मला बोलू द्या.” खुर्चीत बसले, कॉलर सैल केली आणि म्हणाले, “मी आलो त्या दिवसापासून प्रत्येक घरात एकच ऐकतोय. आमचे जुने पाळक असं करायचे. आमचे जुने पाळक आजाऱ्याला भेटायला चालत यायचे. आमच्या जुन्या पाळकांना सगळ्यांच्या मुलांचे वाढदिवस पाठ. तुमचा फोटो ऑफिसात आहे ना, त्याच्याकडे पाठ करून बसता यावं म्हणून मी टेबल फिरवून घेतलंय.”

मी बघितलं. टेबल खरंच फिरवलेलं होतं.

“अठरा मिनिटांत उपदेश का संपवतो माहीत आहे?” ते म्हणाले. “एकोणिसाव्या मिनिटाला मला वाटायला लागतं की आता हे सगळे तुमच्याशी तुलना करताहेत. तुमचं पत्र वाचलं गेलं तेव्हा मला आधी काय वाटलं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, म्हणजे तेही माणूसच आहेत.”

मग त्यांनी छातीवर हात चोळला आणि टेबलाच्या खणातून गोळी काढली. किल्लेदार, गुलाबी! तीच! मी खिशातून माझी काढून शेजारी ठेवली. तुझ्या हिने ऐकलं ते हसणं इथलं. दोन पाळक, दोन गोळ्या, आणि दोघांचा आजार एकमेकांच्या नावाचा.

हसणं आवरल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, लाल पेन्सिल, जिना, सुया. हेही सांगितलं की ही रीत मी नऊ वर्षांपूर्वी लोकांना शिकवली आणि स्वतः आत्ता दोन-तीन आठवड्यांपूर्वी सुरू केली, तीही आपल्या किल्लेदाराने कान धरला म्हणून. त्यांनी वहीत लिहून घेतलं. प्रश्नही विचारले, नीट, विद्यार्थ्यासारखे. विचार खरा असेल पण भल्याचा नसेल तर? मी म्हटलं, त्याला देवापुढे न्या, माणसांपुढे नको. आभार मानायला काहीच सुचलं नाही तर? म्हटलं, खिडकीतून दिसेल त्याच्यापासून सुरुवात करा. मी समोरच्या इमारतीच्या खिडकीपासून केली. त्या खिडकीत एक मांजर येऊन बसतं, हे मला पाच महिने दिसलंच नव्हतं.

मग आम्ही दोघांनी प्रार्थना केली. त्यांनी माझ्यासाठी, मी त्यांच्यासाठी. नाव घेऊन, मोठ्याने. माझ्या मनातला तो ‘नवरदेव’ तेव्हा कुठे गेला ते मला सांगता येणार नाही.

निघताना ते दारापर्यंत आले. कडीवर हात ठेवून थांबले आणि जरा संकोचून म्हणाले, “एक विचारू? हे सगळं केल्यावर शांती मिळते, ती टिकते किती?”

महिन्याभरापूर्वी विचारलं असतं तर मी त्यांना सव्वा तास उत्तर दिलं असतं. मी म्हटलं, “खरं सांगू? आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांपासून साडेसातपर्यंत होती. काल त्याहून थोडी कमी होती.”

त्यांनी विचार केला. मग कडी काढून दार उघडलं आणि म्हणाले, “वीस मिनिटं? मला चालतील.”

तुझा,
माजी पाळक